स्पीड नंतर विचारा, आधी खांब बघा

‘किती एमबीपीएस?’ हा इंटरनेटच्या वेगाचा प्रश्न मी आता सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, ‘वायर तुटली तर जोडायला कोण येणार आणि कुठून?’ मी घरबसल्या लोकांचे हिशेब सांभाळते, घर वस्तीच्या अगदी टोकाला. पाच वर्षांत हे तिसरं कनेक्शन. पहिल्या कंपनीने १०० एमबीपीएस सांगितले आणि खरंच दिले. मग एका वादळात फांदी पडून केबल तुटली आणि जोडणारा माणूस उगवला अकराव्या दिवशी.

म्हणून पायात चपला घाला आणि फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलची, शेवटची पेटी कोणत्या खांबावर आहे, तिथून घरापर्यंत वायर झाडांतून येते की मोकळ्यावरून, हे स्वतः चालत जाऊन बघा. फायबर मिळत असेल तर घ्यावाच. फक्त एक विचारा: फायबर जिथून सुरू होतो तिथल्या यंत्राला वीज गेल्यावर बॅटरी किती तास पुरते? तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग काय, तिकडेच अंधार असेल तर! टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असतं. चार-पाच किलोमीटरपलीकडे ते रखडतं.

छतावर डिश लावून टॉवरवरून येणारं वायरलेस हे माझं दुसरं कनेक्शन. त्यात टॉवर नुसता दिसून भागत नाही, त्या सरळ रेषेच्या आजूबाजूलाही मोकळी जागा लागते. पाहणीला आलेला मुलगा भर उन्हाळ्यात आला. मधलं झाड निष्पर्ण, सिग्नल झकास. पाऊस सुरू झाला, झाडाला पानं फुटली आणि माझा व्हिडिओ कॉल अडखळायला लागला. पानांतलं पाणी लहरी शोषून घेतं, हे मला तेव्हा कळलं. झाडं पानांनी भरलेली असताना पाहणी करून घ्या. ते जमत नसेल तर मधे झाडं किती आहेत ते तरी मोजा.

मोबाइल डेटावर चालवायचं असेल तर फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका. सिग्नलचा आकडा दाखवणारं अ‍ॅप घ्या आणि घराभोवती फिरा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीला उणे ८५ डीबीएमच्या आसपास असेल तर छान, उणे ११०च्या खाली गेला तर बाहेर अँटेना लावावी लागेल. माझ्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत उणे ९४ आणि माझ्या टेबलापाशी उणे ११२! चाचणी रात्री आठ ते दहा करा, टॉवरवर सगळे एकदम तुटून पडतात तेव्हा.

सॅटेलाइटमध्ये दोन जाती. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात, त्यामुळे प्रत्येक क्लिकला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो. मेल चालते, बोलणं मात्र एकमेकांवर आदळतं. साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ नाही, पण त्यांना मोठं मोकळं आकाश लागतं. मुसळधार पावसात दोन्हींची दांडी उडू शकते.

विक्रेत्याला विचारायचं ते लेखी विचारा. अपलोड किती? डेटाची मर्यादा ओलांडली की स्पीड कितीवर येतो? बाहेरून कॅमेरे किंवा दुकानाचा सर्व्हर बघायचा असेल तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळेल का? धंद्यासाठी घेत असाल तर ‘९९ टक्के चालू’ ऐकून खूश होऊ नका. त्यात महिन्याला सात तास बंद राहण्याची मुभा आहे.

सध्या माझ्याकडे फायबर आहे, जोडीला सिमवर चालणारा राउटर. दुसरी लाइन घ्याल तर ती वेगळ्या वाटेने येणारी असू द्या. दोन्ही वायरी एकाच खांबावर असतील तर फांदीला काय, एकच फटका पुरे. हे कनेक्शन घेण्याआधी मी विक्रेत्याला सोडून खांबावर चढलेल्या माणसालाच गाठलं. आधीचा बिघाड कधी झाला आणि तो कधी दुरुस्त केला, एवढंच विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, परवा. दुसऱ्या दिवशी.’

आणि पैसे महिन्याच्या महिन्याला भरा, निदान एक पावसाळा काढेपर्यंत. वर्षाचे एकदम भरले तर सवलत मिळते, मीही तशीच भुलले होते. त्या पहिल्या कंपनीकडून माझे सात महिन्यांचे पैसे अजून यायचेत.