जरबेरा लावण्याआधी: कागदाचे पैसे वेगळे काढा

जरबेरा या फुलाच्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊससाठी जागा, वीज, रस्ता बघायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणी आणि माती मात्र आधी तपासा. पाणी खारं निघालं तर तिथेच थांबा. काळी माती चालत नाही. तांबडी आणा, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा हवा. त्यात शेणखत, भाताचं तूस मिसळा, आणि बेड निर्जंतुक केल्याशिवाय एकही रोप घालू नका. चौरस मीटरला सहा धरली तर साधारण सहा हजार रोपं बसतात. कोंब फुटतो तो भाग मातीवर राहू द्या, गाडला की कुजतो.

आता कागद, म्हणजे पॉलिहाऊसवर ताणलेलं प्लास्टिक. 200 मायक्रॉनचा कागद साधारण तीन वर्षांत थकतो, जरबेराही तेवढ्यातच संपत येतो. म्हणजे नवी रोपं आणि नवा कागद, दोन्ही खर्च एकदमच येतात, आणि बँकेचा हप्ता चालूच असतो. मी हे धरलंच नव्हतं. पहिली दोन वर्षं अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की खर्च वजा जाता उरेल तो नफा समजून घरात वापरला. तिसऱ्या उन्हाळ्यात छत धुरकट झालं, उजेड कमी पडला, दांडे आखूड आले, माल दुसऱ्या प्रतीत गेला. वळवाच्या वाऱ्याने एक बाजू फाडली तेव्हा हातात पैसा नव्हता. म्हणून सांगतो, प्रत्येक पट्टीतून कागदाचे पैसे काढा, वेगळ्या खात्यात टाका. अंदाज काढताना छपराची उतरण आणि बाजूही मोजा. जमिनीच्या मापापेक्षा कागद बराच जास्त लागतो.

लागवडीपासून पहिलं फूल यायला अडीच-तीन महिने. तोवरची मजुरी आणि खतं जवळच्या पैशांतून. अनुदान काम झाल्यावर येतं, त्याच्या भरवशावर उधारी करू नका. दर लग्नसराईचा धरू नका! पितृपक्षात भाव पडतो, पण झाडाला फूल येतच राहतं आणि ते तोडावंच लागतं. त्या दिवसांच्या दराने खर्च निघतो का ते बघा, आणि कागदाचा हिस्सा त्याही पट्टीतून काढा.

बाकी: तोडणी सकाळी, दांडा कापायचा नाही, ओढून काढायचा. लगेच पाण्यात. फुलाला प्लास्टिकची टोपी, दहाची गड्डी, खोका. गाडी आधी ठरवा. विमा घ्या. कागदाचं खातं पहिल्या पट्टीच्या आधी उघडा.