आहार बदलला, तरी धोका तिथेच? या चुका टाळा

एखादी बातमी येते, फॉरवर्ड फिरतो आणि घरातल्या एखाद्या पदार्थावर गदा येते. आज साखर, उद्या दूध, परवा मायक्रोवेव्ह. इकडे रोजची सिगारेट चालूच असते, पोट दर वर्षी थोडं पुढे सरकत असतं आणि दिवस खुर्चीतच जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत. त्यामागची मोठी कारणं तंबाखू, दारू, जास्तीचं वजन, हालचालीचा अभाव आणि काही संसर्ग ही आहेत. हृदयरोग आणि मधुमेहाच्या मागेही यातली बरीचशी हीच मंडळी आहेत.

'गट १' म्हटलं की घाबरायचं?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस 'गट १' मध्ये टाकलं. तंबाखू आधीपासून त्याच गटात होता. झालं, 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असे मथळे सुरू.

पण हा गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा, ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हिशेबापुरतं धरून चला, की १०० जणांपैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६ झाले, २३ नाही. उलट धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका न करणाऱ्याच्या १५ ते ३० पट असतो. म्हणून रोज सॉसेज खावं असं नाही, पण आधी काय सोडायचं ते यावरून ठरवता येतं. पुढच्या वेळी 'धोका इतका टक्के वाढला' असं वाचलंत, तर आधी विचारा: मुळात होता किती?

अन्नाऐवजी गोळी

फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतलं नारिंगी रंगद्रव्य) जास्त असतं. मग त्याचीच गोळी दिली तर? तर्क बिनतोड वाटतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर तो तपासला गेला. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत तो २८ टक्के जास्त दिसला आणि ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटच्या (पुरुषांतल्या एका ग्रंथीच्या) कॅन्सरचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. डॉक्टरांनी कमतरता पाहून दिलेली गोळी वेगळी. 'असू दे, घेऊन ठेवू' म्हणून घेतलेली गोळी मात्र निरुपद्रवी असेलच, असं धरून चालू नका.

'मी थोडीच घेतो'

दारू १९८८ पासून गट १ मध्ये आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. वाईन असो की बिअर, दोष इथेनॉलचाच, म्हणजे त्यातल्या अल्कोहोलचाच. सिगारेटचंही तसंच. दिवसाला एकच ओढणाऱ्याच्या वाट्याला हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा येतो, विसावा भाग नाही. इथे 'कमी केली' यावर समाधान मानू नये.

सगळं पाळतोय, तरी रिपोर्ट तसेच

रक्तदाब उतरत नसेल तर वरून घेतलेलं मीठ बंद करून भागत नाही. पाकिटाच्या मागची बाजू वाचा. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्या आकड्याला २.५ ने गुणा. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभराची शिफारस ५ ग्रॅमच्या आतच आहे. शिवाय आकडे कधी 'प्रति सर्व्हिंग' दिलेले असतात आणि आपण पाकीट संपवतो ते वेगळंच. रक्तातली साखर उतरत नसेल तर फळांचा रस बघा. घरी काढलेल्या रसातली साखरही जागतिक आरोग्य संघटना 'मोकळी साखर', म्हणजे कमी ठेवायची साखर, म्हणूनच मोजते. अख्ख्या फळातली नाही.

वजनाच्या बाबतीत लोक उगाच हार मानतात. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००२ मध्ये आले. उद्दिष्ट होतं वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो. कॉलेजातली पँट परत बसायला हवी, असं कोणी म्हटलेलं नाही.

निदानानंतरची आणि निदानाआधीची चूक

'साखर बंद केली की कॅन्सरची गाठ उपाशी मरते' हा सल्ला रुग्णाच्या घरी हमखास पोचतो. पण तुम्ही खाल्लं नाही तरी यकृत रक्तातली साखर टिकवून ठेवतं. गाठ उपाशी राहत नाही, रुग्णाचे स्नायू मात्र झिजतात, आणि वजन फार उतरलं तर उपचार पुढे ढकलावे लागू शकतात. केमो चालू असताना कुठलाही कडक आहार डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

दुसरी चूक शिस्तीत राहणाऱ्यांची: 'माझं खाणंपिणं चोख आहे, मला तपासणी कशाला?' गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, यकृताच्या कॅन्सरमागे अनेकदा हिपॅटायटिस बी किंवा सी असतो. तिथे आहार पुरा पडत नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांवर लस आहे. गर्भाशयमुख, स्तन आणि मोठं आतडं यांच्या तपासण्या त्रास नसतानाच करायच्या असतात. घरात जवळच्या कोणाला कॅन्सर झाला असेल तर त्या कोणत्या वयापासून सुरू करायच्या, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.