सायकलवर सामान कसे लावावे : कोकण किनाऱ्याच्या प्रवासासाठी

रेवसहून रेडीकडे किनाऱ्याने जाताना सपाट रस्ता फार वेळ लाभत नाही. खाडीवरून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढावे आणि सड्यावरून पुढच्या खाडीला उतरावे, यातच दिवस जातो. नीट लावलेले 15 किलो सामान घेऊन सायकल या रस्त्यावर निमूट चालते, पण कॅरिअरवर उंच बांधलेली 8 किलोंची एकच पिशवी प्रत्येक वळणावर तिला बाहेर ओढते.

प्रथम घरीच सगळे सामान जमिनीवर मांडून जड आणि हलके असे दोन ढीग करावेत. हत्यारे, कुलूप, पॉवर बँक, तंबूचे खांब आणि शिधा हे जड सामान पॅनियरच्या, म्हणजे चाकालगत लटकणाऱ्या पिशव्यांच्या, तळाशी जावे आणि कपडे वर राहावेत. चढावर उभे राहून पॅडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झुलते, तेव्हा वर असलेले वजन तो झोका वाढवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे बाटल्या फ्रेमच्या त्रिकोणातच असलेल्या बऱ्या.

त्यानंतर पुढची-मागची वाटणी ठरवावी. चालवणाऱ्याचे बरेचसे वजन मुळातच मागच्या चाकावर असते. त्यात सगळे सामान मागेच लादले, तर तीव्र चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते आणि मागच्या चाकाचे स्पोक तुटण्याचा धोका वाढतो. 15 किलोंपैकी 6 किलो पुढे आणि 9 मागे, येथून सुरुवात करावी. पुढच्या पिशव्या चाकाच्या आसाच्या उंचीवर असाव्यात. त्याने हँडल किंचित जड वाटते, पण उतारावर सायकल सरळ रेषेत राहते, आणि माझ्या मते हा सौदा फायद्याचाच आहे. पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, कॅरिअरसाठी भोके नसतील, तर जुगाड करू नये. हँडलच्या पिशवीत 2 किलोंहून अधिक काही ठेवू नये, कारण ते वजन उंचावर असते आणि हँडलसोबत वळते. शिवाय उघड्या सड्यावर दुपारचा समुद्री वारा दक्षिणेकडे जाणाऱ्याला उजवीकडून येतो आणि मोठ्या पिशवीवर आदळून हँडल ढकलतो.

डाव्या आणि उजव्या पिशवीत अर्ध्या किलोहून जास्त फरक राहू देऊ नये. मागच्या पिशव्या टाचेला लागणार नाहीत इतपतच मागे सरकवाव्यात, कारण आसाच्या मागे गेलेले वजन शेपटीसारखे हलते. बांधण्यासाठी हुकाचे रबरी दोर वापरू नयेत. ते ताणले जातात आणि सामान डोलू लागते. न ताणणारे पट्टे घ्यावेत. मागच्या टायरमध्ये हवा थोडी अधिक भरावी, मात्र टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नये.

आता सीट धरून सायकल जोराने हलवावी. पिशव्या खडखडल्या किंवा मागाहून हलल्या, तर पट्टे पुन्हा आवळावेत. मग पूर्ण सामानासह एक चढ आणि एक उतार असलेला दहाएक किलोमीटरचा फेरा मारावा. उतारावर हँडल थरथरू लागले, तर ते करकचून आवळू नये आणि सोडूनही देऊ नये. एक गुडघा फ्रेमच्या आडव्या दांड्याला टेकवून दोन्ही ब्रेक हळूहळू लावत थांबावे आणि मागचे वजन खाली किंवा पुढे हलवावे.

वाटेत ही मांडणी बिघडतेच. मालवणात घेतलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली जागा नाही म्हणून कॅरिअरच्या माथ्यावर जाते आणि संध्याकाळपर्यंत सायकल वेगळीच वागू लागते. ती बाटली तळाशी घालून तितक्याच वजनाची वस्तू दुसऱ्या बाजूला ठेवावी. दाभोळ–धोपावे किंवा तवसाळ–जयगड फेरीबोटीत सायकल स्टँडच्या भरवशावर न सोडता हाताने धरावी, आणि पलीकडच्या जेटीवर उतरल्यावर चढ सुरू होण्याआधी कॅरिअरचे सगळे बोल्ट पान्याने तपासावेत, कारण खडबडीत रस्त्याने ते सैल होतात आणि खाऱ्या हवेने गंजतात.