आईच्या जुन्या साडीतून बाळाची गोधडी

बाळासाठी गोधडी करायची तर नवीन कापड अजिबात आणू नका, आई-आजीची धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी घ्या, त्या मऊपणाला तोड नाही. साडी असते साधारण साडेपाच मीटर, पन्हा, म्हणजे रुंदी, सव्वा मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे तिचे पाच जवळपास चौकोनी तुकडे होतात. चार गोधडीला, उरलेल्याचे लंगोट. जरीचे काठ आधी काढून टाका, टोचतात बाळाला.

चारही थर फरशीवर अंथरून हाताने सुरकुत्या काढा, मग उभे-आडवे मोठे कच्चे टाके घाला, हे टाळलं की मधे हमखास फुगा येतो. कडा आत दुमडून सुती दोऱ्याने कडेपासून आत चौकोनात धावदोरा, म्हणजे साधा खाली-वर टाका, घालत जायचं, ओळींत बोटभर अंतर. गाठी थरांच्या आत लपवा, नाहीतर बाळाची बोटं अडकतात. मी बाळ झोपलं की रोज दोन-तीन ओळी घालायचे, महिना लागला, पण आता बाळ तिच्यावरच पालथं पडायला शिकतंय 😊

एक नक्की पाळा, गोधडी खाली अंथरायला, झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर सैल टाकायची नाही, तोंडावर येते.