ब्राउझर टेस्टिंगसाठी विंडोज होम की प्रो? या चुका टाळा

मालवण, गुहागर, दापोलीकडच्या होमस्टेंच्या आणि थेट हापूस विकणाऱ्या बागायतदारांच्या वेबसाइट आता इथलीच मुलं बनवू लागलीत, याचा फार आनंद वाटतो. पण वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये नीट दिसते-चालते का ते तपासायला (म्हणजेच ब्राउझर टेस्टिंगला) लॅपटॉप घेताना त्यांचे पैसे भलतीकडेच जातात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘धंद्याचं काम आहे, मग विंडोजची होम नाही, प्रो आवृत्तीच हवी’ असं धरून चालणं. क्रोम, फायरफॉक्स, एज होमवर जसे चालतात तसेच प्रोवर. हायपर-व्ही (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायची सोय) आणि विंडोज सँडबॉक्स (प्रोग्रॅम वेगळा ठेवून तपासायची तात्पुरती विंडोज) होमवर नाहीत, प्रोमध्ये मिळतात, हे खरं. पण विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल 2 होमवर चालतं, आणि व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्सही. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल, तर आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा.

नव्या लॅपटॉपवर क्रोमचा इन्स्टॉलर अडला, तर विंडोज एस मोडमध्ये असेल. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात. सेटिंग्जमधून फुकट बाहेर पडता येतं, परत आत जाता येत नाही. आवृत्तीच्या नावापुढे ‘एन’ असेल आणि पानावरचा व्हिडिओ चालत नसेल, तर मीडिया फीचर पॅक टाका.

आता खरी अडचण: सफारी, म्हणजे ॲपलचा ब्राउझर. मुंबई-पुण्याहून येणारे कितीतरी पाहुणे आयफोनवरून खोली बघतात, आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमसुद्धा आतून वेबकिटवरच, म्हणजे पान रंगवणाऱ्या सफारीच्याच इंजिनावर, चालतो. पहिल्या पडद्याची उंची सीएसएसमध्ये 100 व्हीएच (म्हणजे पडद्याच्या उंचीइतकी) देऊन तळाशी ‘खोली बुक करा’ बटण ठेवलं, की विंडोजवर सगळं छान दिसतं. आयफोनवर तेच बटण ब्राउझरच्या पट्टीखाली जातं. पाहुण्याला ते दिसतच नाही, आणि बुकिंग हातचं जातं. 2022 मध्ये आलेल्या सफारी 15.4 पासून डीव्हीएच हे पट्टी दिसते-लपते तसं बदलणारं एकक चालतं. 100 व्हीएचची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली 100 डीव्हीएच लिहा, म्हणजे जुने फोनही सांभाळले जातात.

विंडोजसाठीची सफारी 2012 मध्ये 5.1.7 वरच थांबली. ती टाकून तपासणं म्हणजे स्वतःची फसवणूक. प्लेराइट या ब्राउझर तपासायच्या साधनातलं वेबकिट विंडोज होमवर फुकट चालतं, मांडणीतल्या बऱ्याच चुका त्यात सापडतात. पट्टीखालचं बटण मात्र खऱ्या फोनवरच कळतं. सफारी तपासायला जुना मॅक घेणार असाल तर त्यावर कुठली मॅकओएस चढते ते आधी विचारा, कारण सफारी तिच्यासोबतच अडकते.

मराठी मजकूरही दोन्हीकडे तपासा. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो असे फॉन्ट वेगळे, त्यामुळे ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर ‘चिठ्ठ्या’सारख्या शब्दांचे खालचे भाग छाटले जाऊ शकतात.

लॅपटॉपवरचं पान फोनवर उघडत नसेल, तर दोघंही एकाच वाय-फायवर आहेत ना ते बघा, लॅपटॉपवरचा सर्व्हर (पान पाठवणारा प्रोग्रॅम) फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच लॅपटॉपपुरता, ऐकतोय का ते तपासा, आणि विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर बऱ्याचदा एक यंत्र दुसऱ्याला दिसूच देत नाहीत. तिथे सरळ फोनचा हॉटस्पॉट लावा.