दुबईत थरार शोधताना या चुका टाळा

नोव्हेंबर ते मार्च या काळात दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे पाहुण्यांची रीघ लागलेली असते. पूर्वी हे पाहुणे बुर्ज खलिफा, सोन्याचा बाजार आणि एखाद-दोन मॉल एवढ्यावर समाधानी असत. आता बहुतेकांच्या यादीत विमानातून उडी मारणे, वाळूच्या टेकड्यांवर गाडी नेणे आणि एखादी महागडी स्पोर्ट्स कार दिवसभर चालवून पाहणे या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असतात. त्यात वावगे काहीच नाही, कारण या शहरात अशा अनुभवांची व्यवस्था चांगली आहे आणि शिस्तीने घेतल्यास धोका बराच आटोक्यात राहतो. मात्र चार रात्री आणि पाच दिवसांत सगळे कोंबण्याच्या घाईत जे घोळ होतात, ते दर हिवाळ्यात तेच आणि तसेच पाहावे लागतात. प्रत्यक्ष थरार काही मिनिटांचा असतो आणि बहुतेक वेळा तो प्रशिक्षकाच्या हातात असतो. बिघडते ते त्याच्या आधी, म्हणजे आपल्या हातात असलेल्या भागात.

भाड्याची एसयूव्ही वाळूत घालणे

सर्वाधिक संताप आणणारी चूक हीच आहे. दुबईहून हत्ताकडे जाताना लहबाबच्या पुढे तांबूस वाळूच्या टेकड्या रस्त्यावरूनच दिसू लागतात. तिथे इतर गाड्या सहज वरखाली होताना पाहून, ज्याच्या हाती भाड्याची उंच गाडी असते त्याला स्फुरण चढते. कोकणातल्या चिखलातून गाडी काढलेली असते, ताम्हिणी घाट पावसात उतरलेला असतो, मग वाळूचे काय एवढे, असा साधारण विचार असतो.

माझ्या एका मित्राचे मेहुणे पुण्याहून सहकुटुंब आले होते. सायंकाळी मित्राचा फोन आला की, त्यांची गाडी रस्त्यापासून थोड्याच अंतरावर वाळूत बसली आहे. वाळवंटात नियमाने गाडी चालवणाऱ्या एका परिचिताला घेऊन मी तिथे पोहोचलो तेव्हा गाडीचे पोट वाळूवर टेकलेले होते आणि पुढची दोन्ही चाके निम्म्याहून अधिक गाडली गेली होती. गाडी दिसायला रुबाबदार असली तरी ती फक्त पुढच्या चाकांवर चालणारी होती, आणि ही गोष्ट मेहुण्यांनी भाड्याने घेताना विचारलीच नव्हती. टायरमध्ये हवा डांबरी रस्त्यासाठी असते तेवढी पूर्ण होती. गाडी अडकल्यावर त्यांनी एक्सलरेटर दाबून धरला, चाकांनी स्वतःसाठीच खड्डा खणला, मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून तो खड्डा रुंद केला, आणि शेवटी वहिनींना व मुलांना मागून ढकलायला लावले. आम्ही फावड्याने चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू काढली, टायरची हवा पंधरा पीएसआयपर्यंत उतरवली आणि आमच्या गाडीला दोर बांधून अडकलेली गाडी आली त्याच चाकोरीतून उलटी ओढून काढली. त्यानंतर छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरून मगच ती डांबरावर नेली. खालचे प्लास्टिकचे संरक्षक आवरण फाटले होते. करारात रस्त्याबाहेर गाडी नेण्यास मनाई असल्यामुळे विमा लागू झाला नाही आणि नुकसानीची रक्कम अनामतीतून कापली गेली. त्या रात्रीच्या क्रूझची तिकिटेही वाया गेली. परतीच्या वाटेवर मेहुणे शांतपणे म्हणाले, “अजून थोडा रेस दिला असता ना, तर निघाली असती.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

वाळूत गाडी तरते ती ताकदीमुळे कमी आणि टायरच्या पसरटपणामुळे अधिक. हवा कमी केली की टायर जमिनीला लांबट टेकतो, वजन अधिक जागेवर पसरते आणि गाडी रुतत नाही. म्हणूनच पर्यटकांना वाळवंटात फिरवणारे सफारीचे चालक वाळूत शिरण्यापूर्वी थांबून हवा सोडतात. त्या दहा मिनिटांवर कंटाळणाऱ्या प्रवाशांनी हे लक्षात ठेवावे. कमी हवेवर स्टिअरिंग झटक्याने फिरवले तर टायर रिममधून निसटू शकतो, टेकडी तिरकी चढली तर गाडी कलंडू शकते, आणि चढावर मध्येच ब्रेक मारला तर पुन्हा जोर धरता येत नाही. चाके जागच्या जागी फिरू लागली की पाय उचलायचा, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे प्रसंग टळतील. आणखी एक नियम इथले जाणकार कधीही मोडत नाहीत: वाळवंटात एकटी गाडी न्यायची नाही, सोबत दुसरी गाडी हवीच.

स्वतःच चालवण्याची हौस असेल तर मार्गदर्शकासह मिळणारी ड्यून बगी, म्हणजे वाळूत चालवायची उघडी छोटी गाडी, घ्यावी. तिला लोखंडी पिंजरा, पट्टा आणि हेल्मेट असते, आणि मार्गदर्शकाच्या चाकोरीतून जायचे एवढेच आपले काम असते. क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची मोटारसायकल, स्वस्त पडते म्हणून नवशिके तिच्याकडे धावतात, पण उलटली तर ती चालवणाऱ्याच्या अंगावर येते. माझ्या पाहुण्यांना मी ती घेऊ देत नाही, आणि या बाबतीत माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो.

चालकासह जाणाऱ्या सफारीतही एक हमखास चूक होते, ती जेवणाची. दुपारी मीना बाजारात किंवा करामात भरपेट बिर्याणी खाऊन तीन वाजता गाडीत बसणाऱ्याची चार वाजता काय अवस्था होते, ते वर्णन करण्याची गरज नाही. हलके खावे, आणि मळमळण्याची सवय असल्यास पुढची जागा मागून घ्यावी, कारण सर्वाधिक धक्के शेवटच्या रांगेत बसतात. गर्भवती स्त्रिया, मणक्याचा त्रास असणारे आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी टेकड्यांवर जाऊच नये. अशा मंडळींना थेट सफारीच्या तंबूपर्यंत नेण्याची सोय बहुतेक ठिकाणी होते, पण ती आधी सांगावी लागते. “आईंना काही होत नाही हो” असे चालकाला परस्पर सांगणारे चिरंजीव मी पाहिले आहेत.

विमानातून उडी शेवटच्या दिवशी ठेवणे

पाम जुमेरा या कृत्रिम बेटाच्या वर साधारण 13,000 फुटांवरून टँडम उडी मारली जाते. प्रशिक्षकाच्या छातीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे मिनिटभर ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येणे आणि नंतर पाचेक मिनिटे पॅराशूटखाली तरंगणे, असा तो अनुभव असतो. तो इतका हवाहवासा असतो की लोक त्याला ‘सहलीचा कळस’ म्हणून शेवटच्या दिवशी ठेवतात. रात्रीचे विमान, सकाळची उडी. वारा वाढला किंवा हिवाळ्यातले सकाळचे धुके विरले नाही, तर उड्या थांबतात, आणि थांबलेली रांग पुढे सरकायला दुपार उजाडते. ज्याच्याकडे दुसरा दिवस आहे तो दुसऱ्या दिवशी येतो, आणि ज्याचे विमान आहे तो काउंटरवर भांडतो. वाऱ्याशी भांडता येत नसल्यामुळे तो काउंटरवरच्या मुलीशी भांडतो, हे पाहून मला नेहमी लाज वाटते. माझ्याकडे येणाऱ्यांची उडी मी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच ठेवतो आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू देत नाही.

दुसरा घोळ वजनाचा. इथे वजनाला आणि उंचीच्या प्रमाणातल्या जाडीला मर्यादा असते, स्त्रिया व पुरुषांसाठी ती वेगळी असते, आणि वजन तिथेच काट्यावर पाहिले जाते. फॉर्मवर ‘अंदाजे’ लिहिलेला आकडा तिथे चालत नाही. मर्यादा लोकांना तोऱ्याची वाटते, पण ती पट्ट्यांची, पॅराशूटची आणि दोघांच्या उतरण्याची गोष्ट आहे. घरीच वजन करावे, कपड्यांसह करावे, आणि नोंदणी करताना त्या वेळची मर्यादा वाचावी. वय अठरा पूर्ण हवे. सतरा वर्षे दहा महिने चालत नाहीत, आई-वडिलांची लेखी संमती असली तरी.

तिसरी गोष्ट खरोखर धोक्याची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी स्कूबा डायव्हिंग करून उडीला जाणे अजिबात योग्य नाही. पाण्याखाली दाबामुळे शरीरात अधिकचा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच दार उघड्या, दाब न राखणाऱ्या छोट्या विमानातून 13,000 फुटांवर गेल्यास तो रक्तात आणि सांध्यांत बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. पाण्यातला अनुभव आणि आकाशातला अनुभव यांत पूर्ण एक दिवसाचे अंतर ठेवावे. शक्य असल्यास उडी आधी आणि डायव्हिंग नंतर ठेवावे, म्हणजे प्रश्नच राहत नाही. मग फक्त परतीच्या विमानापूर्वीचे अंतर पाळायचे उरते.

स्वतःचा कॅमेरा नेण्याचा हट्ट धरू नये, टँडममध्ये त्याला परवानगी नसते. उतरताना प्रशिक्षक सांगेल तेव्हा पाय उचलून धरावेत. घोट्याच्या दुखापती या एका क्षणात होतात, आणि सूचना चालू असताना सेल्फी काढणाऱ्यांनाच त्या होतात, असे माझे पक्के मत आहे.

शेख झायेद रोडला शर्यतीचा रस्ता समजणे

भाड्याने स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला वाटते की वेगासाठी पैसे मोजले आहेत. प्रत्यक्षात त्याने मोजलेले असतात ते सिग्नलवर उभे राहून आवाज करण्याचे, कारण शेख झायेद रोड या शहराच्या मुख्य महामार्गावरही वेगमर्यादा आणि कॅमेरे दोन्ही आहेत. दुबईत फलकावरच्या मर्यादेवर 20 किलोमीटरची सवलत असते, पण अबू धाबीच्या हद्दीत ती नाही, आणि हद्द ओलांडल्याचे चालकाच्या लक्षातही येत नाही. मर्यादेपेक्षा ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग पकडला गेला तर 2000 दिरहम दंड, 12 काळे गुण (चालकाच्या नावावर नोंदले जाणारे दंडगुण) आणि 30 दिवस गाडी जप्त होते. 80 हून अधिक असेल तर 3000 दिरहम, 23 गुण आणि 60 दिवस. पाहुण्याला दंडाचा आकडा दिसतो, जप्तीचा अर्थ कळत नाही. गाडी जप्त राहिली तर तेवढ्या दिवसांचे भाडे कंपनी कराराप्रमाणे त्याच्याकडून मागू शकते, आणि अशा गाडीचे एका दिवसाचे भाडेच हजारांत असते. बेदरकार चालवण्याबद्दल जप्त झालेली गाडी सोडवण्यासाठी दुबईत 2023 पासून 50,000 दिरहम भरावे लागतात.

त्याआधी परवाना. पर्यटक म्हणून गाडी घेताना भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा आणि तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. संकेतस्थळांवर अर्ध्या तासात ‘जागतिक परवाना’ विकणाऱ्यांचा कागद कवडीमोल असतो. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने आहे, म्हणून ज्याने कधी उजव्या बाजूने गाडी चालवली नाही, त्याने पहिला तास साध्या गाडीत घालवावा. पहिलाच तास साडेपाचशे अश्वशक्तीच्या गाडीत घालवणाऱ्याची पहिली भेट बहुधा पदपथाच्या कडेशी होते, आणि रिमच्या ओरखड्याचा दर ऐकून तो खाली बसतो. गाडी घेताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि काचेचे चित्रीकरण कर्मचाऱ्यासमोर करावे. ही माझी सवय आहे आणि तिच्यामुळे आजवर बरेच वाद दोन मिनिटांत मिटले आहेत.

खरा वेग हवा असेल तर मोटर सिटीमधल्या दुबई ऑटोड्रोमला जावे. हा ट्रॅक 2004 मध्ये सुरू झाला, त्याची पूर्ण लांबी 5.39 किलोमीटर आहे, आणि तिथे प्रशिक्षक शेजारी बसवून गाडी चालवायला मिळते. मोजक्या फेऱ्यांत जे कळते ते दिवसभर शहरात फिरून कळत नाही: वळणाआधीच ब्रेक पूर्ण करायचा असतो, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची असते, आणि आपल्याला वाटते तेवढी गाडी आपल्याला येत नाही. अबू धाबीच्या यास बेटावरचा, 2009 पासून फॉर्म्युला वनची शर्यत होणारा ट्रॅकही अशा अनुभवांसाठी खुला असतो. बंद बूट घालून जावे. चपला घालून आलेल्यांना परत पाठवले की ते व्यवस्थेला नावे ठेवतात.

गो-कार्टमध्ये ओढणी, स्टोल आणि मोकळे केस हेल्मेटखाली व कपड्यांच्या आत पक्के बांधावेत. ब्रेक आणि एक्सलरेटर एकाच वेळी दाबू नये.

हेलिकॉप्टर आणि सीप्लेनमध्ये (पाण्यावर उतरणाऱ्या विमानात) जागा वजनाच्या समतोलानुसार दिली जाते, म्हणून खिडकीसाठी हुज्जत घालू नये.

गरम हवेच्या फुग्यासाठी पहाटे चारच्या सुमारास निघावे लागते आणि वाळवंटात तेव्हा गारठा असतो. दुबई म्हणजे उकाडा असे समजून अर्ध्या बाह्यांत येणारे कुडकुडतात. उन्हाळ्यात ही उड्डाणे बंद असतात.

रस अल खैमातल्या जबल जैसची 2.83 किलोमीटरची झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत जाण्याचा खेळ, दुबईपासून दीड-दोन तासांवर आहे. दुपारच्या वेळेची तिकिटे घेऊन सकाळी शहरातला दुसरा कार्यक्रम ठेवू नये. वाऱ्यामुळे ती बंद राहू शकते, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करावा.

राहिला विमा. भारतातून घेतलेल्या साध्या प्रवास विम्यात साहसी खेळांतील दुखापत अनेकदा वगळलेली असते आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पॉलिसी घेण्यापूर्वी स्कायडायव्हिंग, ड्यून बगी आणि ट्रॅकवरची गाडी ही तिन्ही नावे लिहून विमा कंपनीला ईमेल करावी आणि उत्तर लेखी घ्यावे. एजंटने फोनवर दिलेला “सगळे कव्हर आहे” हा भरवसा दावा करताना दाखवता येत नाही.