मांडी नव्हे, नडगीचं टोक बघा

फेब्रुवारी उलटला की वेंगुर्ल्यात आमच्या माडांच्या खालच्या झावळ्या करपल्यासारख्या दिसू लागतात. हे काळ्या डोक्याच्या अळीचं काम. पातीच्या खालच्या अंगाला जाळी विणून ती आत बसते आणि हिरवा भाग खरवडून खाते. या अळीच्या कोषात वाढून त्याला मारणारी ब्रॅकिमेरिया नावाची छोटी गांधीलमाशी घरीच कशी ओळखायची, ते बघू. अशी झावळी उतरवली की लगेच जाळू नका. जाळीतले तपकिरी कोष अलगद सोडवून बरणीत घाला, तोंडाला मलमलचं फडकं बांधा, सावलीत ठेवा आणि रोज बघा. काहींतून पतंग निघतील. एखाद्याला गोल भोक पडून साधारण ५ मिलिमीटरची, एकटीच, काळी दणकट गांधीलमाशी बाहेर येईल. ती ब्रॅकिमेरिया असू शकते. एकाच कोषातून चिलटांसारख्या पुष्कळ निघाल्या तर ती नव्हे.

माशी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग पांढऱ्या कागदावर भिंगाखाली घ्या. १० पट भिंग पुरतं, २० पट असेल तर फारच छान.

मागच्या पायाची मांडी फुगलेली, तिच्या खालच्या कडेला दातांची ओळ, नडगी कमानीसारखी वाकलेली: एवढ्यावर बहुतेक जण नाव देऊन मोकळे होतात. मीही दोन वर्षं तेच केलं, आणि माझ्या निम्म्या चिठ्ठ्या मला पुन्हा लिहाव्या लागल्या. अशी मांडी इतर अनेक गांधीलमाश्यांची असते. ल्यूकोस्पिसचीही, पण ती पंख लांबीत दुमडून बसते. प्रार्थना कीटकाच्या अंड्यांच्या पुडीतून निघणाऱ्या पोडाग्रिऑनचीही, पण ती हिरवी चमकते. गोठ्याकडच्या माश्यांच्या कोषातून निघणाऱ्या डायरायनसच्या डोक्यावर पुढे दोन शिंगं असतात, ती नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात.

खरा घोळ होतो अँट्रोसेफॅलसशी, कारण तीही माडाच्या याच अळीच्या कोषातून निघते. इथे घाई करू नका. माशी आडवी करा, मागचा पाय सुईने सरळ करा आणि नडगीचं टोक बघा. ब्रॅकिमेरियाची नडगी तिरकी कापल्यासारखी संपते आणि खाली अणकुचीदार काट्यासारखी पुढे येते. अँट्रोसेफॅलसची जवळजवळ सरळ कापलेली असते. मग चेहरा बघा. ब्रॅकिमेरियाच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) चेहऱ्याच्या मध्यावरून निघतात, अँट्रोसेफॅलसच्या अगदी तोंडाजवळून. शेवटी कंबर: ब्रॅकिमेरियाची इतकी आखूड की वरून पोट छातीला चिकटल्यासारखं दिसतं.

प्रजाती (genus) इथवर घरी ठरते. जात (species) मात्र भिंगावर ठरवू नका. नडगीवरचे पिवळे-पांढरे डाग जातीजातीत बदलतात, पण छातीवरचे खळगे, मांडीचे दात असं बरंच सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघावं लागतं. कालिकत विद्यापीठाच्या टी. सी. नरेंद्रन यांनी १९८९ साली ब्रॅकिमेरिया ज्यात येते त्या कॅल्सिडिडी कुलाचं, आपल्या आशियाई भागापुरतं, सविस्तर वर्गीकरण केलं. अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.

तज्ज्ञाकडे पाठवायची असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि कोणाच्या कोषातून निघाली ते नक्की लिहा. या प्रजातीतल्या काही जाती अळीवर वाढणाऱ्या दुसऱ्या परोपजीवी कीटकांनाच मारतात, म्हणजे आपल्या माडांच्या मित्रांना. त्यामुळे यजमानाची, म्हणजे ज्याच्या कोषातून ती निघाली त्या कीटकाची, नोंद नसली तर ही मित्र की शत्रू हे कुणालाच सांगता येत नाही. रिकामा कोषही सोबत घाला. चिठ्ठीवर तारीख, गाव, झाड आणि यजमान, सगळं शिसपेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.